वाटे पाडणाऱ्याने उत्तर द्यायचे नसते

मांगरटोला, ता. सावली
९ जानेवारी २०२५

सुरेंद्रभाऊंना गिरजाचा नमस्कार. वहिनींनाही सांगावा.

फोन केला असता, पण हे आता एकाच कानाने ऐकतात आणि फोन नेमका दुसऱ्या कानाला लावतात. शिवाय मला हवे आहे ते उत्तर कागदावर हवे आहे. फोनवर माणूस समोरच्याला बरे वाटेल तेच बोलतो.

काल पोलीस पाटील घरी आले होते. बाबुलालने कारागृहातून रजेसाठी अर्ज केला आहे. त्याला घरात ठेवून घ्यायला आमची तयारी आहे का, याचे उत्तर द्यायचे आहे. वैशाखात रोशनीचे लग्न ठरले आहे. बाबुलालची बायको गेल्यापासून ही पोर माझ्याच हाताखाली वाढली, तरी परवा मला म्हणाली, "मोठीमाय, बाबा मांडवात नाई आला तं मी बी उभी राहात नाई."

तुमचे बालपण शहरात गेले, म्हणून एक गोष्ट सविस्तर सांगते. उन्हाळ्यात आमच्या मामा तलावातली, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावातली, मासोळी साऱ्या गावाने मिळून काढायची असते. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ढीग ओततात आणि एक जण घरागणिक वाटे पाडतो. बाकीच्यांनी त्याला घेरून बसायचे आणि वाट्टेल ते टोमणे मारायचे. त्याने मात्र शेवटचा वाटा पडेपर्यंत तोंड उघडायचे नाही. उघडले, तर त्याचा स्वतःचा वाटा गावाचा. हात आणि तोंड एकाच वेळी चालले की वाटे बिघडतात, एवढेच त्यामागचे कारण.

चार वर्षांपूर्वी वाटे बाबुलाल पाडत होता. टोमणे सारेच मारत होते. मरळ तर प्रत्येकाला आपल्याच वाट्यात हवी असते. यांनी विचारले, "बाबुलाल, मरळ कुठी गेली बे? लुंगीत टाकली का?" सारे हसले. बाबुलालने तोंड उघडले नाही. डोंग्यातले वल्हे उचलले आणि सख्ख्या भावाच्या डोक्यात घातले. पुढचे तुम्हाला माहीत आहे.

हे म्हणतात, "येऊ दे. माहा एक कान अजून शिल्लक आहे." यांना हसता येते, कारण यांनी ते रक्त पाहिले नाही, हे बेशुद्ध होते. पाहिले मी.

तुम्ही तिथल्या कारागृहात रागीट कैद्यांच्या उपचारवर्गाचा हिशेब ठेवता, असे वहिनी म्हणाल्या. बाबुलाल त्याच वर्गात आहे. तो बदलला का? हो किंवा नाही, एवढेच लिहा. तुमचे शब्द मोजके असतात, म्हणून तुम्हालाच विचारते.

गिरजा

---

ऊर्जानगर
१९ जानेवारी २०२५

प्रिय गिरजा,

तुम्हा सर्वांना, आणि कोलूभाऊंच्या चांगल्या कानाला विशेष, नमस्कार.

तुझ्या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर मी देऊ शकत नाही. टाळतो आहे असे वाटू नये, म्हणून कारण देतो. नागपूरच्या मानसशास्त्रज्ञ रंजीता मॅडम हा वर्ग चालवतात. सुरुवातीला प्रत्येकाकडून वीस प्रश्नांची उत्तरे घेतली जातात आणि शेवटी तीच पुन्हा घेतली जातात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण असतात. गुण जितके जास्त, तितका राग जास्त. दोन बेरजांमधील फरक म्हणजे झालेला बदल. मी वाणिज्य शाखेचा माणूस आहे. आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक यांवरून निष्कर्ष काढण्याची ही पद्धत मला पहिल्या दिवशीच पटली. माझे काम बेरजा करण्याचे. कागदांवर नावे नसतात, क्रमांक असतात, आणि ते योग्यच आहे.

बाबुलाल माझ्या मावसबहिणीचा दीर आहे, हे मी मॅडमना आधीच सांगितले होते. त्या म्हणाल्या, "सुरेंद्रजी, या दोन जिल्ह्यांत कोण कोणाचा कोणी लागत नाही, असा माणूस मला आधी दाखवा." त्याने लेखी संमती दिली आणि मॅडमनी मान्य केले, तरच त्याचे गुण तुला कळवीन.

मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग मात्र सांगतो. गेल्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या गुन्ह्याचा प्रसंग करून दाखवायचा होता, परंतु भूमिका बदलून. बाबुलालला कोलूभाऊ व्हायचे होते. बाबुलालची भूमिका आलापल्लीकडच्या लच्छू नावाच्या कैद्याकडे आली. हा लच्छू पूर्वी झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायकाची कामे करीत असे. पाच मिनिटांचा प्रसंग तासभर चालला. लच्छूने मध्ये एक गाणे घातले. रक्षकांनी 'वन्स मोअर' दिला. मॅडम घड्याळ दाखवत राहिल्या आणि शेवटी त्यांनीही टाळी वाजवली.

अखेर लच्छूने वल्ह्याऐवजी केरसुणी उचलली आणि तो डोळे फिरवून बाबुलालवर धावला. खाली बसलेला बाबुलाल हात डोक्यावर धरून जागच्या जागी थिजला. नंतर त्याने लच्छूला विचारले, "मी असा दिसत होतो का बे?" लच्छू म्हणाला, "मले का मालूम? मी तं पाह्यला नाई तुले. तुह्या दादाले विचार."

यावरून काही सिद्ध होते, असे माझे म्हणणे नाही.

मोजक्या शब्दांचा समजला जाणारा,
सुरेंद्रभाऊ

---

मांगरटोला
२ फेब्रुवारी २०२५

सुरेंद्रभाऊ,

तुमचे पत्र यांना वाचून दाखवले. केरसुणीपाशी आल्यावर हे इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, "माही भूमिका बाबुलालनं केली? मंग दिसाले चांगला दिसलो असन मी."

मला हसू आले नाही असे नाही. पण पाटील पुन्हा येऊन गेले. संमती घ्या आणि आकडा कळवा.

गिरजा

---

ऊर्जानगर
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय गिरजा,

वर्ग काल संपला. बाबुलालने मॅडमसमोर संमती लिहून दिली आणि त्यांनी ती मान्य केली. "वयनीले सारं सांगा. लपवू नका," असे त्याचे शब्द होते. मॅडम त्यानंतर लगेच नागपूरला गेल्या. तुला थांबवून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही, म्हणून बेरीज आज रात्रीच पूर्ण केली आणि दोनदा तपासली.

सुरुवातीला बाबुलालचे गुण साठांपैकी आठ होते. आता ते एकतीस आहेत.

माझी चूक शोधण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. चूक नाही. त्याचा राग कमी झालेला नाही, वाढला आहे. एवढेच नव्हे, तर वर्गातील जवळजवळ प्रत्येकाचा वाढला आहे. तीन महिने खपून आम्ही सोळा माणसांना अधिक रागीट करून ठेवले, असा निष्कर्ष कागदावर निघतो. लच्छूचे गुण तर इतके वाढले की मी त्याचा कागद उलटा धरून पाहिला.

रोशनीला कसे सांगायचे, हे तुझ्यावर सोपवतो. मला वाईट वाटते. परंतु तू खरे मागितले होतेस.

सुरेंद्रभाऊ

---

मांगरटोला
१ मार्च २०२५

सुरेंद्रभाऊ,

पाटलांना नाही म्हणून सांगितले.

आता घरात आम्ही तिघे आणि बोलणारी मी एकटी. रोशनी सगळ्या भाज्यांत मुठीने तिखट टाकते आहे. हे माझ्याकडे बहिरा कान करून बसतात. काल मी ओरडून विचारले, "जेवता का नाई?" तर शेजारच्या रिनाने उत्तर दिले, "आम्ही जेवतो काकू, इकडेच पाठवा."

माझे चुकले का, हे मी विचारत नाही. आठाचे एकतीस झाले, हे मलाही वाचता येते. पण रात्रभर एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. आठ? या बाबुलालचे? पत्त्यात हरला म्हणून याने एकदा गड्डीभर पत्ते चुलीत घातले होते. एका लग्नात भाताला उशीर झाला म्हणून पंगतीतून उठून घरी चालला होता. साठांपैकी आठ तर माझे नसतील, भाऊ. आठ गुणांचा माणूस आमच्या घरात कधी राहिलाच नाही.

मग तो कागद भरला कोणी?

गिरजा

---

ऊर्जानगर
११ मार्च २०२५

प्रिय गिरजा,

कागद बाबुलालनेच भरला होता. तरीही तुझा प्रश्न बिनचूक होता. तो मला पडायला हवा होता. माझी बेरीज बरोबर होती आणि निष्कर्ष चुकीचा होता. अशी वेळ माझ्यावर यापूर्वी आलेली नाही, त्यामुळे तिची सवय नाही.

तुझे पत्र घेऊन मी रंजीता मॅडमकडे गेलो. त्यांनी कपाळाला हात लावला. "सुरेंद्रजी, मी परत येईपर्यंत थांबायचं ना हो!" आम्ही बाबुलालला बोलावले. 'मला लवकर राग येतो' या पहिल्याच प्रश्नापुढे त्याने सुरुवातीला 'कधीच नाही' असे का लिहिले, ते विचारले.

तो म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी मोठे साहेब समोर उभे. मी लिहू का, मले राग येते म्हणून? साऱ्याच ठिकाणी 'कधीच नाई, कधीच नाई' करत गेलो. मंग वाटलं, एवढा शांत तं देवळातला पुजारी बी नसन, कोणाले शक येईन. म्हणून दोन-चार ठिकाणी 'कधीकधी' टाकलं."

"आणि आता?" मॅडमनी विचारले.

"आता मालूम पडते ना, बाई. आधी कानाच्या मागं गरम लागते. मंग हात जड होते. पहिले हे कुठी मालूम होतं? पहिले तं वल्हं उचलल्यावरच समजे का राग आला म्हणून."

मॅडमचे म्हणणे असे की हे त्यांच्या व्यवसायात नवे नाही. पहिल्या दिवशी माणूस भीतीने तरी खोटे लिहितो, किंवा त्याला स्वतःच्या रागाची ओळखच नसते. शेवटी तो खरे लिहितो आणि कागदावर बिघडलेला दिसतो. म्हणून त्या अखेरीस तेच प्रश्न आणखी एकदा विचारतात: आलास त्या दिवशी तू खरोखर कसा होतास? तो तिसरा कागद माझ्याकडे यायचा होता, तेवढ्यात मी तुला पत्र टाकून मोकळा झालो. त्या कागदावर बाबुलालने स्वतःला चोपन्न गुण दिले आहेत. चोपन्नाचे एकतीस. लच्छूने स्वतःला साठ दिले. मॅडम म्हणतात, तो त्याच्या अभिनयाचा भाग समजावा.

मी आरंभीच्या शिल्लकेवर विश्वास ठेवला. ती मुळातच खोटी होती.

तथापि एक चूक सुधारताना मी दुसरी करणार नाही. चोपन्न हाही त्याचाच शब्द आहे. रजा हवी असलेला माणूस तो आकडा फुगवूही शकतो. रक्षकांच्या नोंदीत गेल्या तीन महिन्यांत त्याचे भांडण नाही, ही जमेची बाजू. परंतु तिथे त्याला चिडवायला कोलूभाऊ नाहीत. हो की नाही, याचे उत्तर आमच्या कागदांत नाही, गिरजा. काय पाहिलेस तर तुझी खात्री पटेल? ते तूच ठरवू शकतेस.

बेरजेत बरोबर, बाकी चूक,
सुरेंद्रभाऊ

---

मांगरटोला
२५ मार्च २०२५

सुरेंद्रभाऊ,

ठरवले.

पाटलांना सांगितले, माझे 'नाही' पुसा आणि 'हो' लिहा. पण बाबुलालला माझी अट कळवा. लग्नाच्या आधी तलावाची मासोळी निघेल. त्या दिवशी वाटे त्याने पाडायचे. त्याच पाळीवर, साऱ्या गावासमोर. टोमण्यांत कोणी सूट देणार नाही. मी घरोघर जाऊन तसे सांगून आले आहे. तोंड उघडले नाही, हात उचलला नाही, तर मुलीचे हात त्याने पिवळे करावेत. नाही जमले, तर त्याच पायाने परत जावे. रोशनीला मी समजावीन.

मी हे यांना विचारले. यांनी चांगला कान माझ्याकडे केला. "गिरजे, वल्हं कुठी ठेवायचं त्या दिवशी?"

मी म्हटले, "जिथे होतं तिथेच."

आता यांची तयारी चालली आहे. चार वर्षांचे टोमणे साठले आहेत म्हणतात. बैलांना चारा घालताना पुटपुटतात आणि स्वतःच हसतात. रोशनीने भाजीतले तिखट कमी केले.

तुम्ही याच. पाहुण्यांनाही टोमणे मारायचा हक्क आहे.

गिरजा

---

ऊर्जानगर
१७ एप्रिल २०२५

प्रिय गिरजा,

रजा मंजूर झाली. वर्षअखेरीचे लेखापरीक्षण लांबल्यामुळे मला येता येणार नाही, याचा मला मनापासून खेद आहे. सर्व तपशील तू लिहावेस. काही गाळू नयेस.

तुझी अट बाबुलालला सांगितली. तो म्हणाला, "वयनीनं बरोबर जागी बोट ठेवलं." आणि नंतर, "भाऊ, मले भेव लागते."

मी त्याला धीर देण्याचा प्रयत्न केला. ते काम लच्छूने अधिक चांगले केले. बरॅकीत आता रोज संध्याकाळी सराव चालतो. बाबुलाल चिंचोक्यांचे वाटे पाडतो आणि बाकीचे त्याला घेरून बसतात. एक रक्षकही टोमणे मारू लागला होता. त्याला वरिष्ठांनी समज दिली, मग ते वरिष्ठ स्वतःच उभे राहून ऐकत होते. बाबुलाल पहिल्या दिवशी दोनदा उठला. आता उठत नाही. कानामागे गरम लागले की चिंचोका खाली ठेवतो, पाणी पितो आणि पुन्हा उचलतो.

परंतु ते चिंचोके आहेत, मासोळी नव्हे. तुझ्या पत्राची वाट पाहीन.

सुरेंद्रभाऊ

---

मांगरटोला
६ मे २०२५

सुरेंद्रभाऊ,

गाळू नये म्हणालात, म्हणून सकाळपासून सांगते.

बाबुलाल आदल्या दिवशी आला. दारात थांबला. रोशनी धावली. यांनी खाटेवरून विचारले, "कोण आहे?" जसे माहीतच नव्हते. त्याने पायाला हात लावला. हे म्हणाले, "हळू. एकच कान आहे." बस, एवढेच. रात्री दोघे भाऊ एका ताटात जेवले. मी वाढले, पण बोलले नाही.

सकाळी साऱ्या गावाने जाळी ओढली. बाबुलाल ओल्या अंगाने ढिगापुढे बसला. डोंगा पाळीला लावलेला होता. वल्हे त्यात आडवे पडले होते. मी मुद्दाम त्याच्या समोर बसले, यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला.

सुरुवात निकेशने केली. "काऊन बाबुलालभाऊ, तिकडं मोजाले नाई शिकवलं का? माह्या घरी चार माणसं आहेत, मांजर धरून पाच!" रिनाची सासू म्हणाली, "सरकारी भात खाऊन हात मोठा झाला, मुठीत रोहू दिसून नाई राह्यली!" कोणीतरी मागून ओरडले, "झिंगे मोजून टाक बे, नाईतं अर्ज कराव लागन!" बाबुलालची मान खाली. हात चालत होते. सारे हसून लोळत होते, भाऊ. मीही एक मारला. म्हटले, "भाऊजी, माझा वाटा लहान दिसते. बहुतेक तुमचा हात अजून रजेवरच आहे." बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मग हे उठले. यांनी दुसरे काही म्हटले नाही. चार वर्षांचे साठवलेले सारे गिळले आणि तेच जुने विचारले. "बाबुलाल, मरळ कुठी गेली बे? लुंगीत टाकली का?"

कोणी हसले नाही. मी यांचा सदरा घट्ट धरला.

बाबुलालचा हात थांबला. तुम्ही लिहिले होते म्हणून मी त्याच्या कानाकडे पाहत होते. कानामागून मानेपर्यंत लाल झाला. हाताची मूठ झाली. त्याने डोंग्याकडे पाहिले. ते मी पाहिले आणि सगळ्यांनी पाहिले. हातातली मासोळी त्याने खाली ठेवली. मग तांब्या उचलला आणि पाणी प्यायला. घोट घोट, सावकाश. तांब्या रिकामा झाला तरी तोंडाला लावूनच होता. मग हात पुसले आणि वाटे पाडायला लागला.

शेवटचा वाटा पडला, तेव्हा निकेश म्हणाला, "झालं! आता बोल, काय बोलाचं ते."

बाबुलाल यांच्याकडे वळला. "दादा, मरळ तुह्याच वाट्यात आहे. खाली, रोहूच्या पोटाशी." आणि मग, "तवाबी तुह्याच वाट्यात होती."

यांनी वाकून पाहिले. होती. मरळ वर धरून हे साऱ्या पाळीवर नाचले, भाऊ. चाळीस वर्षांत मी यांना नाचताना पाहिले नव्हते. बाबुलाल रडत होता आणि हसत होता, आणि गाव त्याला आता रडण्यावरून टोमणे मारत होते. वल्हे घेऊन रोशनीने डोंगा आत ढकलला आणि पोरींना घेऊन तलावात फेरी मारून आली.

तुमच्या मॅडमना सांगा. त्याचा राग गेलेला नाही. मी डोळ्यांनी पाहिला. आला, त्याच्याजवळ बसला, पाणी प्यायला आणि उठून गेला. मला एवढे पुरेसे आहे. काल रात्री वाढताना मी म्हटले, "भाऊजी, अजून भात घ्या." त्याने ताट पुढे केले.

लग्न सोमवारी आहे. लेखापरीक्षण असो नाहीतर काही असो, मामाशिवाय अंतरपाट धरला जाणार नाही. तुमचा वाटा सुकवून सावलीच्या बसने पाठवला आहे. तोही त्यानेच पाडला.

गिरजा

---

ऊर्जानगर
९ मे २०२५

प्रिय गिरजा,

तुझे पत्र मॅडमनी उभ्यानेच वाचले, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचले. बाबुलालने काय केले, ते त्यांनी लच्छूला सांगितले. त्याने सर्वांसमोर जाहीर केले की हे श्रेय त्याच्या तालमीचे आहे. तुझ्या पत्रातील तपशील कोष्टकाच्या कोणत्या रकान्यात बसवावा, यावर आम्ही बराच विचार केला. असा रकाना नाही. मी तो आखून घेतला आहे. त्याला नाव अद्याप दिलेले नाही.

रजेचा अर्ज मी दिला आहे. रविवारी संध्याकाळी पोहोचतो. अंतरपाट मी धरीन.

मासोळी मिळाली. बाबुलालला माझा एक निरोप पोहोचता करावा. मी तो काळजीपूर्वक शब्दबद्ध केला आहे. पाहुण्यांनाही हा हक्क असल्याचे तू कळवले होतेस, त्यानुसार:

'प्राप्त झालेला वाटा तपासला असता तो इतर घरांच्या मानाने लक्षणीय लहान आढळला. मरळीचा तर त्यात मागमूसही नाही. ती लुंगीत टाकली किंवा कसे, याचा खुलासा व्हावा.'

हे सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखव. कोलूभाऊंच्या चांगल्या कानाशी बसून वाच. आणि त्याला सांग, उत्तर द्यायचे नाही.

सुरेंद्रभाऊ